विश्लेषण : टीबी बरा झाला, तरी खोकला का जात नाही? ब्राँकिएक्टेसिसचे निदान आणि उपचार

रोज सकाळी अर्धी वाटी पिवळसर बेडका, वर्षातून तीन-चार वेळा ताप, मधूनच थुंकीत रक्ताची रेघ आणि कपाटात दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या क्षयरोग उपचारांची फाइल. अशा रुग्णाला एक डॉक्टर ‘टीबी उलटला’ म्हणतो, दुसरा दम्याचा पंप देतो, तिसरा पाच दिवसांची प्रतिजैविके. यातल्या अनेकांचा खरा आजार ब्राँकिएक्टेसिस हा असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १२ ऑगस्ट २०२५ रोजी या आजारासाठी ब्रेन्सोकॅटिब या गोळीला मान्यता दिली आणि इतकी वर्षे दुर्लक्षित राहिलेला हा विकार चर्चेत आला. भारतातल्या बहुसंख्य रुग्णांचा प्रश्न मात्र त्या गोळीच्या कितीतरी आधी सुरू होतो. आजाराला त्याचे नावच मिळालेले नसते.

ब्राँकिएक्टेसिसमध्ये नेमके काय होते?

फुप्फुसातल्या श्वासनलिका झाडाच्या फांद्यांसारख्या टोकाकडे निमुळत्या होत जातात. त्यांच्या आतल्या अस्तरावर केसांसारखे सूक्ष्म तंतू असतात. धूळ, जंतू आणि चिकट स्राव वर ढकलत घशापर्यंत आणण्याचे काम हे तंतू अहोरात्र करतात. एखाद्या जबर संसर्गाने नलिकेची भिंत आणि हे अस्तर खराब झाले की ती नलिका कायमची रुंद आणि सैल होते. मग स्राव वर येत नाही, तिथेच साचतो. साचलेल्या स्रावात जंतू वाढतात. त्यांच्याशी लढायला आलेल्या पांढऱ्या पेशी इलास्टेजसारखी विकरे सोडतात. ही विकरे जंतूंबरोबर नलिकेची भिंतही झिजवतात. भिंत आणखी सैल होते, स्राव आणखी साचतो. ब्रिटिश छातीविकारतज्ज्ञ पीटर कोल यांनी १९८६ मध्ये या दुष्टचक्राची मांडणी केली आणि आजही उपचारांचा सारा विचार त्याच चौकटीत होतो. बेडक्याचा हिरवट रंगही जंतूंचा नव्हे, तर बहुतांशी या पांढऱ्या पेशींमधल्या विकराचा असतो.

आजार नवा नाही. स्टेथोस्कोपचा जनक असलेला फ्रेंच वैद्य रेने लेनेक याने १८१९ मध्येच त्याचे वर्णन केले होते. रुंदावलेली नलिका पूर्ववत होत नाही. त्यामुळे प्रौढांमध्ये ‘आजार मुळापासून बरा करतो’ हा दावा कुणी केला, तर त्यावर विश्वास ठेवू नये. चक्र मंद करता येते, कधीकधी जवळपास थांबवता येते आणि रुग्ण वर्षानुवर्षे कामधंदा करत जगू शकतो.

भारतातील चित्र वेगळे का?

युरोपातील नोंदींमध्ये या आजाराचा नेहमीचा रुग्ण म्हणजे साधारण पासष्टीच्या पुढची स्त्री आणि बऱ्याचदा तिच्या आजाराचे कारणच सापडत नाही. भारतातील ३१ केंद्रांवरील २,१९५ रुग्णांच्या नोंदींचा अभ्यास २०१९ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मध्यक वय ५६ निघाले, निम्म्याहून अधिक रुग्ण पुरुष होते आणि सर्वांत मोठे कारण ठरले क्षयरोग. तब्बल ३५.५ टक्के रुग्णांमध्ये आजाराची सुरुवात जुन्या टीबीपासून झाली होती. म्हणजे इथला रुग्ण तरुण आहे, कमावता आहे आणि त्याच्या फुप्फुसाला इजा करणारा आजार सरकारी नोंदवहीत ‘बरा झाला’ या रकान्यात गेलेला आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार भारतात २०२४ मध्ये दर लाख लोकसंख्येमागे क्षयरोगाचे १८७ नवे रुग्ण होते. २०१५ मध्ये हा आकडा २३७ होता. घट खरी आहे आणि महत्त्वाचीही. पण उपचार पूर्ण करणाऱ्यांची संख्या दरवर्षी लाखोंनी वाढते आहे. औषधांनी जंतू मरतात, फुप्फुसावरचे व्रण जात नाहीत. या व्रणांच्या ओढीने आजूबाजूच्या नलिका ताणल्या आणि रुंदावल्या जातात. टीबी झालेल्या प्रत्येकाला ब्राँकिएक्टेसिस होत नाही. पण टीबी होऊन गेलेला माणूस आठ आठवड्यांहून अधिक काळ बेडकायुक्त खोकल्याने त्रस्त असेल, तर ही शक्यता तपासलीच पाहिजे.

टीबी हे एकच कारण नाही. बालपणीचा गोवर, डांग्या खोकला किंवा गंभीर न्यूमोनिया, रोगप्रतिकारक प्रथिनांची कमतरता, संधिवात, अस्परजिलस या बुरशीची ॲलर्जी, नलिकेतील तंतूंचा जन्मजात दोष अशी यादी मोठी आहे. ही कारणे शोधणे म्हणजे विद्वत्तेचा सोपस्कार नव्हे, कारण त्यातल्या काहींवर स्वतंत्र उपचार आहेत.

निदान चुकते कुठे?

सर्वांत मोठी चूक म्हणजे पुन्हा टीबीची औषधे सुरू करणे. जुन्या टीबीच्या रुग्णाचा छातीचा एक्स-रे कायमच डागाळलेला असतो. आधीचा एक्स-रे सोबत नसेल तर तो डाग नवा की जुना हे पाहून सांगता येत नाही. त्यात ताप, वजनातील घट आणि थुंकीतले रक्त ही लक्षणे दोन्ही आजारांत सारखी. मग ‘कशाला धोका घ्या’ म्हणून सहा महिन्यांचा उपचार सुरू होतो. काही जणांच्या बाबतीत हे दोन-तीनदा घडते.

इथे एक तांत्रिक खाचही आहे. सीबीनॅट आणि ट्रूनॅट या तपासण्या थुंकीतला क्षयजंतूंचा डीएनए शोधतात. जंतू जिवंत आहे की मेलेला, हे त्यांना कळत नाही. त्यामुळे गेल्या काही वर्षांत टीबीचा उपचार झालेल्या व्यक्तीत मेलेल्या जंतूंच्या अवशेषांमुळेही अहवालात अत्यल्प प्रमाणात जंतू दिसू शकतात. अशा वेळी थुंकीत जिवंत जंतू वाढतो का, हे पाहणारी कल्चर तपासणी निर्णायक ठरते. तिला काही आठवडे लागतात, पण विनाकारण सहा महिने औषधे घेण्यापेक्षा ते आठवडे परवडतात. याची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. टीबी खरोखर उलटू शकतो. त्यामुळे जुना टीबीचा रुग्ण नव्याने आजारी पडला तर थुंकीची टीबी तपासणी टाळून चालत नाही.

दुसरी चूक म्हणजे दमा किंवा सीओपीडीचे लेबल. घरघर ऐकू आली की पंप दिला जातो आणि त्यात बहुधा स्टेरॉइड असते. दमा, बुरशीची ॲलर्जी किंवा काही ठरावीक प्रकारचा सीओपीडी सोबत असेल तर त्याचा उपयोग होतो. नुसत्या ब्राँकिएक्टेसिसमध्ये स्टेरॉइडचा पंप नेहमीचा उपचार म्हणून देऊ नये, असे मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, कारण संसर्गाचा धोका वाढू शकतो.

तिसरा प्रकार अधिक फसवा आहे. टीबी बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागाला इजा करतो. तिथला स्राव गुरुत्वाकर्षणाने आपोआप खाली येतो, साचत नाही. अशा रुग्णाला बेडका जवळपास पडतच नाही. वर्षानुवर्षे काही त्रास नसतो आणि एके दिवशी अचानक खोकल्यातून रक्त येते. याला ‘कोरडा’ ब्राँकिएक्टेसिस म्हणतात. बेडका नाही म्हणजे हा आजार नाही, असे मानणे इथे महागात पडते.

निदान पक्के कसे होते?

साधा एक्स-रे पुरेसा नाही, सौम्य आजारात तो जवळपास सामान्य दिसू शकतो. निदान होते ते फुप्फुसाच्या एचआरसीटी स्कॅनवर. त्यासाठी शिरेतून रंगद्रव्य टोचावे लागत नाही आणि काम काही मिनिटांत संपते. निरोगी फुप्फुसात श्वासनलिका आणि तिच्या शेजारची रक्तवाहिनी साधारण सारख्याच जाडीच्या असतात. या आजारात नलिका मोठी दिसते आणि रक्तवाहिनी तिच्या कडेला चिकटलेली. चित्र हुबेहूब खड्याच्या अंगठीसारखे. टोकाकडे निमुळती न होणारी किंवा फुप्फुसाच्या कडेपासून एका सेंटिमीटरच्या आत दिसणारी नलिका, ही आणखी दोन चिन्हे.

मात्र केवळ स्कॅनवर आजार ठरत नाही. वाढत्या वयात काहींच्या नलिका थोड्या रुंद दिसतातच. स्कॅनमधील बदल आणि सोबत खोकला, बेडका किंवा वारंवार संसर्ग, असे दोन्ही असेल तरच तो आजार मानला जातो. ताज्या न्यूमोनियातही नलिका तात्पुरत्या रुंदावतात, म्हणून ऐन आजारपणातल्या स्कॅनवर कायमचा शिक्का मारणे घाईचे ठरते.

स्कॅननंतर कारणाचा शोध सुरू होतो. रक्तातील पेशींची गणना, आयजीजी, आयजीए, आयजीएम या प्रतिकारक प्रथिनांची पातळी, एकूण आयजीई आणि अस्परजिलसविरोधी आयजीई या किमान चाचण्या. बुरशीच्या ॲलर्जीचा आजार सापडला तर स्टेरॉइड किंवा बुरशीनाशक गोळ्यांनी मोठा फरक पडतो. प्रतिकारक प्रथिने कमी असतील तर ती बाहेरून देता येतात. लहानपणापासून सर्दी-खोकला, सायनस, सोबत वंध्यत्व किंवा हृदय उजवीकडे असणे अशी माहिती निघाली तर तंतूंच्या जन्मजात दोषाचा किंवा सिस्टिक फायब्रोसिसचा विचार करावा लागतो. फुप्फुसाची क्षमता मोजणारी स्पायरोमेट्री आजार किती पुढे गेला आहे ते सांगते.

आणि थुंकीचे साधे कल्चर. भारतात ‘थुंकी तपासा’ म्हटले की टीबीचीच तपासणी होते. या आजारात मात्र इतर जिवाणू कोणते आहेत, हे कळणे अत्यावश्यक असते. त्यातही स्यूडोमोनास हा जिवाणू सापडणे ही धोक्याची घंटा असते. तो एकदा मुक्कामाला आला की संसर्गाचे झटके वाढतात आणि फुप्फुस वेगाने खालावते. म्हणून तो पहिल्यांदा सापडताच त्याचे उच्चाटन करण्याचा प्रयत्न केला जातो. नमुना प्रतिजैविक सुरू करण्याआधी, खोकून काढलेल्या बेडक्याचा हवा आणि तो काही तासांत प्रयोगशाळेत पोहोचायला हवा. डबीत लाळ भरून दिली तर अहवालाला अर्थ उरत नाही.

उपचारांचा पाया कोणता?

गोळी नव्हे, बेडका बाहेर काढणे. हे वाक्य रुग्णांना निराश करते, कारण डॉक्टरकडे जाऊन केवळ व्यायाम हाती पडणे कुणालाच आवडत नाही. पण दुष्टचक्र तोडण्याचा सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित मार्ग हाच आहे.

फिजिओथेरपिस्ट शिकवतात त्या पद्धतीचे तीन भाग असतात. आधी खांदे सैल सोडून शांत श्वासोच्छ्वास. मग तीन-चार खोल श्वास, प्रत्येक श्वास आत घेतल्यावर दोन-तीन सेकंद थांबून सोडायचा, म्हणजे हवा साचलेल्या स्रावाच्या मागे शिरते. त्यानंतर ‘हफ’. चष्म्याची काच पुसण्यापूर्वी तोंड उघडून ‘हाऽ’ करत तिच्यावर वाफ सोडतात, तसा पण जोरकस उच्छ्वास. त्याने बेडका मोठ्या नलिकेत येतो आणि हलक्या खोकल्याने बाहेर पडतो. हे आवर्तन दहा ते तीस मिनिटे, दिवसातून एकदा किंवा दोनदा, जेवणाआधी करायचे. फुप्फुसाचा कोणता भाग बाधित आहे हे स्कॅनवरून पाहून कोणत्या कुशीवर झोपायचे तेही ठरवता येते. डोके खाली करून झोपण्याची जुनी पद्धत पित्ताचा त्रास, हृदयविकार किंवा रक्त पडत असताना टाळली जाते. फुंकल्यावर कंप निर्माण करणारी छोटी उपकरणेही मिळतात. त्यांचा उपयोग होतो, पण त्यांच्यावाचून अडत नाही.

औषधांच्या दुकानात मिळणारे खोकला दाबणारे सिरप या आजारात उलट काम करते. इथे खोकला हा शत्रू नाही, साचलेला बेडका आहे. थुंकण्याची लाज वाटते म्हणून बेडका गिळून टाकणारे, विशेषतः टीबीच्या संशयाला घाबरून सासरी खोकलाच दाबून धरणाऱ्या स्त्रिया, हा वैद्यकीय पुस्तकांत न सापडणारा अडथळा आहे.

बेडका पातळ करण्यासाठी मिठाच्या तीव्र द्रावणाची वाफ किंवा कार्बोसिस्टीनसारखी औषधे दिली जातात. ब्रिटनमधील ‘क्लिअर’ चाचणीचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभराच्या वापरानंतर या दोन्हींमुळे संसर्गाचे झटके लक्षणीयरीत्या कमी झाले नाहीत. बेडका फारच चिकट असलेल्यांना द्रावणाने आराम पडू शकतो, पण सरसकट सर्वांना देण्याचे समर्थन आता कठीण आहे. सिस्टिक फायब्रोसिसमध्ये वापरले जाणारे डॉर्नेज अल्फा तर या रुग्णांत अपायकारक ठरले आहे. रोजचे चालणे, पल्मोनरी रिहॅबिलिटेशनचे व्यायाम, पुरेसा आहार, तंबाखू-विडी बंद, दरवर्षी फ्लूची लस आणि न्यूमोकॉकलची लस हा उरलेला पाया.

प्रतिजैविके कधी आणि किती?

बेडका रोजच पिवळा असतो, म्हणून रोज प्रतिजैविक लागत नाही. खोकला, बेडक्याचे प्रमाण किंवा घट्टपणा, त्याचा रंग, धाप, थकवा, रक्त यांपैकी तीन किंवा अधिक गोष्टी किमान ४८ तास नेहमीपेक्षा बिघडल्या आणि उपचार बदलण्याची गरज डॉक्टरांना वाटली, तर त्याला संसर्गाचा झटका म्हणतात. तेव्हा आधीच्या कल्चरनुसार प्रतिजैविक निवडून साधारण १४ दिवस दिले जाते. पाच दिवसांत बरे वाटले म्हणून ते थांबवण्याची सवय इथे घातक ठरते. आणखी एक सावधगिरी भारतात विशेष महत्त्वाची आहे. स्यूडोमोनासवर चालणारे सिप्रोफ्लॉक्सॅसिन आणि त्याच्या गटातील औषधे क्षयजंतूवरही थोडा परिणाम करतात. टीबीची शंका असताना ती आधीच दिली तर टीबी तात्पुरता झाकला जातो आणि निदान लांबते.

वर्षात तीन किंवा अधिक झटके येत असतील तर ॲझिथ्रोमायसिन कमी मात्रेत, आठवड्यातून तीन दिवस, दीर्घकाळ देता येते. न्यूझीलंड, नेदरलँड्स आणि ऑस्ट्रेलियात २०१२-१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन चाचण्यांनी या गटातील औषधांचा फायदा दाखवला आहे. औषध स्वस्त आहे आणि तीच अडचण आहे. टीबीखेरीज इतर मायकोबॅक्टेरिया थुंकीत नाहीत याची खात्री, ईसीजी आणि ऐकू येण्याबाबत विचारणा केल्याशिवाय ते सुरू करू नये. त्या इतर मायकोबॅक्टेरियांवरील उपचारांचा कणाच हे औषध आहे. ते एकटे देत राहिले तर जंतू त्याला दाद देईनासा होतो. स्यूडोमोनास कायमचा ठाण मांडून बसला असेल तर कोलिस्टिन किंवा टोब्रामायसिनसारखी प्रतिजैविके वाफेवाटे देण्याचा पर्याय असतो.

खोकल्यातून रक्त आल्यास?

थुंकीत रेघ दिसली तर लवकर डॉक्टरांना दाखवावे. कपभर किंवा त्याहून जास्त ताजे रक्त पडत असेल, धाप लागत असेल तर थेट मोठे रुग्णालय गाठायचे. कोणत्या बाजूने रक्त येते हे ठाऊक असेल तर त्याच कुशीवर झोपवावे, म्हणजे दुसरे फुप्फुस वाचते. रक्तस्राव करणारी धमनी आतून बंद करण्याची एम्बोलायझेशन ही प्रक्रिया अशा वेळी जीव वाचवते. आजार फुप्फुसाच्या एकाच भागापुरता मर्यादित असेल आणि औषधांनी आटोक्यात येत नसेल, तर तेवढा भाग शस्त्रक्रियेने काढता येतो.

नव्या गोळीने काय बदलेल?

ब्रेन्सोकॅटिब हे जंतूंवरचे औषध नाही. पांढऱ्या पेशींमधली विनाशकारी विकरे अस्थिमज्जेतच कार्यक्षम होतात, ते ही गोळी रोखते. म्हणजे दुष्टचक्राचा आजवर हात न लागलेला दुवा. ‘ॲस्पेन’ या ५२ आठवड्यांच्या चाचणीत ३५ देशांतील १,७२१ रुग्ण होते. नकली गोळी घेणाऱ्यांना वर्षात सरासरी १.२९ झटके आले, १० मिलिग्रॅम घेणाऱ्यांना १.०२ आणि २५ मिलिग्रॅम घेणाऱ्यांना १.०४. मोठ्या मात्रेत फुप्फुसाची क्षमता घटण्याचा वेगही थोडा कमी दिसला. त्वचा जाड होण्यासारखे दुष्परिणाम आढळले. युरोपीय आयोगानेही नोव्हेंबर २०२५ मध्ये मान्यता दिली.

यश खरे आहे, पण त्याचे माप लक्षात घ्यावे लागेल. साधारण चार रुग्णांनी वर्षभर गोळी घेतली तर एक झटका टळतो. अमेरिकेतील जाहीर किंमत वर्षाला सुमारे ८८,००० डॉलर, म्हणजे ७५ लाख रुपयांहून अधिक. त्या भावाने एक झटका टाळण्याचा हिशेब तीन कोटी रुपयांच्या आसपास जातो.

व्यवस्थेत काय कमी आहे?

राष्ट्रीय क्षयरोग निर्मूलन कार्यक्रमात उपचार संपल्यावर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी रुग्णाची पाहणी करण्याची तरतूद आहे. या चार भेटींत मुख्यतः एकच प्रश्न विचारला जातो : टीबी परत आला आहे का? उत्तर ‘नाही’ आले की काम संपते. टीबी नाही, पण खोकला आहे, अशा माणसासाठी पुढचा रस्ता आखलेलाच नाही. त्याच भेटीत बेडका रोज पडतो का, चालताना दम लागतो का, वर्षात किती वेळा प्रतिजैविके घ्यावी लागली, एवढे तीन प्रश्न विचारून होकारार्थी उत्तर देणाऱ्यांना स्कॅन, साधे कल्चर आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवता येईल. अनेक जिल्हा रुग्णालयांत सीटी स्कॅन यंत्र आहे. श्वसनाचे व्यायाम शिकवायला यंत्र लागतच नाही, शिकवणारा माणूस लागतो. तालुका पातळीवर नेमका तोच क्वचित भेटतो.

तोवर रुग्णाच्या हातात एक गोष्ट राहते : जुन्या टीबीची फाइल आणि आधीचे सगळे एक्स-रे जपून ठेवणे. ‘टीबी उलटला’ असे पुढच्या वेळी कुणी म्हणाले, तर तो डाग नवा की दहा वर्षांपूर्वीचा, हे त्याच फिल्मवरून कळणार असते.